तास संपल्यावर कुठं बसायचं?

कॉलेजच्या प्रवेशाची पावती मी नेहमी वरून खालपर्यंत वाचते. आईबाप शेवटचा आकडा तेवढा बघतात, कारण पैसे त्यांना भरायचे असतात. पण विद्यार्थ्याच्या कोणकोणत्या गरजा कॉलेजनं धरल्या आहेत ते वरच्या ओळींत कळतं. शिकवणी शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, परीक्षा, विद्यार्थी कल्याण निधी. आणि त्याखाली अश्वमेध, इंद्रधनुष्य, आविष्कार, आव्हान. ही शेवटची नावं राज्यातल्या विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धांची, सांस्कृतिक महोत्सवाची, संशोधन स्पर्धेची आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या शिबिराची. आसपासच्या खेड्यांतून, बेंबळ्याहून, कन्हेरगावाहून, आलेगावाहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीनंही या सगळ्याला आपला वाटा दिलेला असतो. तास संपल्यापासून एस.टी. येईपर्यंत ती कुठं बसणार, हे मात्र पावतीत येत नाही आणि इमारतीच्या नकाशातही बहुतेक वेळा येत नाही.

विद्यार्थी भवनाच्या विस्ताराची चर्चा निघाली की मला पहिल्यांदा ही मुलगी आठवते. विद्यार्थी वाढले, तुकड्या वाढल्या, म्हणून भवन मोठं करायचं, हे ऐकायला सरळ आहे. पण आमच्याकडं मोठं करायला मुळात काय आहे? जिमखान्याची खोली एकीकडं, कँटीनचं पत्र्याचं शेड दुसरीकडं, लेडीज रूम जिन्याखाली, अभ्यासिका ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात. हे सगळं एका छपराखाली आणून त्यावर विद्यार्थ्यांचा हक्क लिहून देणं, ही माझ्या मते विस्ताराची पहिली पायरी आहे.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातलं टेंभुर्णी हे चौफुलीचं गाव. पुणे-सोलापूर महामार्ग इथून जातो. इथूनच कुर्डुवाडीकडं, पंढरपूरकडं, अकलूजकडं, करमाळ्याकडं रस्ते फुटतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, कालव्याचं पाणी माढ्याच्या माळावर आलं, मग ऊस आला, साखर कारखाने आले, औद्योगिक वसाहत आली. ज्या घरांतली पोरं सातवीनंतर गुरांमागं जायची, त्या घरांतल्या मुली आज बी.एस्सी. करतात. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला आणि त्याचं मला फार अप्रूप आहे. पण या मुली जिथं शिकतात तिथं राहत नाहीत. आमच्या जिल्ह्यातला विद्यार्थी मुख्यतः ये-जा करणारा. पहाटे उठून डबा भरायचा, फाट्यावर येऊन उभं राहायचं, बारावीपर्यंत मोफत असलेला आणि पुढं सवलतीत मिळणारा पास कंडक्टरला दाखवायचा. कॉलेजचं वेळापत्रक प्राचार्यांच्या सहीनं लागतं, पण तिच्या दिवसाचं वेळापत्रक आगारात ठरतं. तास अकराला संपले आणि गाडी दोनला असली, तर मधले तीन तास तिचे नसतात आणि कॉलेजचेही नसतात. मुलांना निदान टपरी असते, चौक असतो, कुणाच्या तरी मोटरसायकलची सीट असते. मुलींना जिना असतो.

आमच्या भागातल्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. तिथं पहिल्या मजल्यावर मोठं सभागृह होतं, पंखे लावलेलं, खुर्च्या मांडलेलं, आणि कार्यक्रम नसला की कुलूप घातलेलं. त्याच्या दारापासून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर मुली डबे सोडायच्या. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, कुणाकडं पिठलं. वर-खाली जाणाऱ्यांसाठी दर मिनिटाला कुणीतरी डबा उचलून बाजूला सरकायचं. एका दुपारी मी त्यांच्याजवळ टेकले. शेजारच्या मुलीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, ओठ ओले केले आणि पुन्हा झाकण लावलं. ऊन मार्च-एप्रिलचं, सोलापूर जिल्ह्यातलं. मी म्हटलं, "अगं, पाणी पी की नीट." तर ती हळू आवाजात म्हणाली, "नको मॅडम, घरी जाईपर्यंत न्हाय जमत." संडासाच्या किल्लीसाठी कार्यालयात जावं लागायचं, आणि तिथं चार पुरुषांसमोर किल्ली मागायची म्हणून पोरी दिवसभर तहान मारत होत्या.

त्याच कॉलेजात दर्जा तपासणारी नॅकची समिती यायच्या आठवड्यात एका खोलीवर 'विद्यार्थी कक्ष' अशी पाटी रंगवली गेली. समिती गेली आणि खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. पाटी तशीच राहिली. मला त्या माणसांच्या हेतूबद्दल बोलायचं नाही. गठ्ठ्यांनाही जागा हवी होती, हे खरंच. पण जागेची ओढाताण झाली की पहिल्यांदा कुणाची जागा जाते, ते त्या खोलीनं मला दाखवलं.

सोलापूर जिल्ह्याला विद्यापीठ मिळालं ते १ ऑगस्ट २००४ रोजी. त्याआधी इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती, १९६२ पासून. आणि त्याही आधी पुण्याला. माझ्या पदवीवर शिवाजी विद्यापीठाचा शिक्का आहे. गुणपत्रिकेतलं नाव चुकलं तर दुरुस्तीसाठी कोल्हापूर गाठावं लागे. जिल्ह्याचं स्वतःचं विद्यापीठ झालं, २०१९ साली त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं, आणि त्याचा केगावचा परिसर पुण्याकडून येताना महामार्गाच्या कडेला दिसू लागला, याचा आनंद इथल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला झाला. टेंभुर्णीहून केगाव ऐंशी-नव्वद किलोमीटर: वरवड्याचा टोलनाका, मोडनिंब, शेटफळ, मोहोळ, सावळेश्वर, मग विद्यापीठ. तरीही कोल्हापूरच्या मानानं घरचं अंगण. एवढं अंतर रोज कापणारेही आहेत. अशा मुलासाठी विद्यापीठाचा परिसर म्हणजे विभागाची एक खोली आणि महामार्गावरचा थांबा, एवढाच उरण्याची भीती असते. मधला सगळा परिसर त्याच्या अनुभवात येतच नाही. दुसऱ्या विभागातल्या मुलाशी त्याची गाठ पडत नाही, नाटकाच्या तालमीला थांबता येत नाही, वादविवादाच्या मंडळात नाव घालता येत नाही. पदवी मिळते, विद्यापीठ मिळत नाही.

ही अडचण आता वाढणार आहे, आणि तिचं कारण चांगलं आहे. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झालं. मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या शाखेतला खुला विषय, कौशल्याचा अभ्यासक्रम, अशी क्रेडिटची रचना आली. पूर्वी सकाळच्या सत्राचा विद्यार्थी सकाळी येऊन अकरापर्यंत मोकळा व्हायचा. आता त्याचा एक तास आठला, दुसरा साडेअकराला, तिसरा दोनला असू शकतो. शिवाय ज्याला ऑनर्स करायचं आहे, त्याचं चौथं वर्ष. म्हणजे प्रवेशाची संख्या आहे तेवढीच राहिली तरी परिसरात एका वेळी हजर असलेली मुलं वाढणार, आणि तासांच्या मधले रिकामे तासही वाढणार. वर्गखोल्या वाढवण्याचे प्रस्ताव सगळीकडं आहेत. या रिकाम्या तासांसाठीचे प्रस्ताव मला फारसे कुठं दिसत नाहीत.

आणि ही मागणी काही नवी नाही. १९६४ ते ६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारींच्या अध्यक्षतेखालच्या शिक्षण आयोगानं वसतिगृहांबरोबरच आणखी एका गोष्टीचा आग्रह धरला होता: वसतिगृहात न राहणाऱ्या मुलांना दिवसभर अभ्यासाला बसता येईल अशी केंद्रं, आणि तिथं परवडणारं जेवण. विद्यापीठ अनुदान आयोगानंही त्या काळात अशा अनिवासी विद्यार्थी केंद्रांना अनुदान दिलं. ज्यांच्या घरात अभ्यासाला कोपरा नाही, दिवा नाही, शांतता नाही, त्यांना कॉलेजनं ते द्यावं, असा तो विचार होता. साठ वर्षं होत आली. कोठारी आयोगाचं नाव आपण अध्यापक विद्यालयाच्या परीक्षेपुरतं पाठ केलं आणि त्यातला हा बसण्या-जेवण्याचा भाग मागं पडला. आज टेंभुर्णीसारख्या गावात खासगी अभ्यासिका निघाल्या आहेत. प्लायवूडच्या आडोशात एकेक खुर्ची, महिन्याचं भाडं, पोलीस भरतीची आणि राज्यसेवेची पुस्तकं. त्या चालवणाऱ्यांनी मोठी गरज भागवली, यात शंका नाही. पण कॉलेजचं ओळखपत्र खिशात असलेल्या मुलाला गावात पैसे मोजून खुर्ची घ्यावी लागते, हे मला खटकतं.

पाश्चात्त्य देशांत विद्यार्थी संघाची स्वतंत्र इमारत ही जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत अशी पहिली इमारत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात १८९६ मध्ये उघडली, ह्यूस्टन हॉल. तिथंच शिकलेल्या आणि तरुणपणी गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ आईबापांनी ती बांधून दिली. पण मला त्याहून जास्त विचार करायला लावला तो मिशिगन विद्यापीठाच्या युनियननं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास उभी राहिलेली ती भव्य वास्तू. तिच्या पायऱ्यांवर १९६० च्या ऑक्टोबरमध्ये रात्री दोन वाजता जॉन केनेडी बोलले, परदेशात जाऊन सेवा करायची तुमची तयारी आहे का असं त्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं, आणि त्यातून पुढं पीस कोअर उभी राहिली, हे जगाला माहीत आहे. त्याच इमारतीच्या पुढच्या दारानं मुलींना १९५६ पर्यंत मोकळेपणानं जाता येत नव्हतं, हे कमी जणांना माहीत असतं. दार तेच, भिंती त्याच, एक वीटही वाढली नाही, आणि तरी त्या वर्षी ते भवन दुप्पट झालं असं मी म्हणेन. किती चौरस फूट वाढले हे कंत्राटदाराच्या बिलात येतं. कोण आत आलं आणि किती वेळ थांबू शकलं, हे मोजणारा रकाना आपण आपल्या वहीत आखायला हवा.

आपल्या इतिहासात तर विद्यार्थ्यांची सभा विद्यापीठाच्याही आधीची आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली ती १८४८ साली. दादाभाई नौरोजी त्यातले. त्यांच्याकडं स्वतःची इमारत नव्हती. तरी वर्षभरात त्यांनी मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा सुरू केल्या. सभासद सकाळी स्वतः जाऊन बिनपगारी शिकवायचे. जगन्नाथ शंकरशेटांनी शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. विद्यार्थी एकत्र बसले की काय होऊ शकतं याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. बसायला जागा, सवड आणि आपण काही करू शकतो हा विश्वास, एवढ्या भांडवलावर त्या मुलांनी आपल्या बहिणींना शाळेत नेलं.

इकडं पश्चिम महाराष्ट्रात छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि पुढच्या वीस वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळं. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच मुशीतले. साताऱ्याच्या धनिणीच्या बागेत त्यांच्या बोर्डिंगमध्ये सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायची. १९२७ साली गांधीजी तिथं आले आणि बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या मुलांनी भिंतींसाठी दगडमाती वाहिली, शेती केली, स्वयंपाक केला, हिशेब ठेवले. वसतिगृह त्यांच्यासाठी होतं तसं त्यांचंही होतं. आज कमवा आणि शिका योजना विद्यापीठांत चालते, तिच्यातली मुलं बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात काम करतात. विद्यार्थी भवनाचा कारभार त्यांच्याकडं का देऊ नये, असं मला अनेकदा वाटतं. दार उघडणं, खाणावळीचा हिशेब, स्वच्छता, नोंदवही. ही कामं त्यांना जमतील. घरी उसाच्या टोळीचा हिशेब ठेवणारी पोरं आहेत ती.

पण भवन ज्यांच्या नावानं बांधायचं त्या विद्यार्थ्यांचा आवाज कुठं आहे? महाराष्ट्रात एके काळी कॉलेजांच्या निवडणुका होत. नंतर पैसा, गुंडगिरी आली. १९८९ मध्ये मुंबईत एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं थेट निवडणूक थांबवून वर्गात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला प्रतिनिधी केलं. मी असे कित्येक प्रतिनिधी पाहिले. गुणी मुलं होती. पण त्यांना कुणी निवडलेलं नव्हतं, म्हणून त्यांना जाब विचारायलाही कुणी जात नसे. २००६ मध्ये विद्यार्थी निवडणुकांबद्दल लिंगडोह समितीच्या शिफारशी आल्या, सर्वोच्च न्यायालयानं त्या लागू करायला सांगितल्या. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणूक परत आणली: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गातला एक. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, तर विधानसभा निवडणूक आडवी आली आणि ते थांबलं. पुढच्या वर्षी कोरोना. कायद्याच्या पुस्तकात विद्यार्थी परिषद राहिली, आणि एका पिढीनं कॉलेज संपवलं ते आपला प्रतिनिधी न निवडता. गावात अठराव्या वर्षी ग्रामपंचायतीला मत देणारी मुलगी कॉलेजात मात्र मत देत नाही, हे चूक आहे. हिंसाचाराची भीती खरी होती. तिचं उत्तर बंदोबस्तात आणि नियमात शोधायला हवं होतं. आपण ते निवडणूकच काढून टाकण्यात शोधलं.

निवडणूक केव्हा होईल ते होवो. तोवर इमारतीचा नकाशा तरी मुलांपुढं ठेवता येतो. माढ्याकडं घरात माणसं वाढली की शेतकरी आधी पत्र्याची पडवी काढतो आणि ती कुठल्या अंगाला काढायची हे घरातल्या बायकांना विचारतो, कारण वावर त्यांचा असतो. कॉलेजच्या बाबतीत हे विचारणं राहून जातं.

म्हणून गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या काही मुलामुलींना मी घरी बोलावलं. जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या कॉलेजांतली होती, एक केगावला एम.एस्सी. करणारा. चहा झाला, आणि मी एक कोरा कागद मध्ये ठेवून म्हटलं, "तुमचं भवन बांधायचंय, लिहा." मला वाटलं होतं जिम लिहितील, वायफाय लिहितील. ते आलं, पण खाली. सगळ्यात वर एका मुलीनं लिहिलं: किल्ली न मागता जाता येईल असं बाथरूम, सॅनिटरी पॅडचं यंत्र आणि पिण्याचं पाणी. मग डबा खायला टेबलं, डबा नसलेल्या मुलांसाठी वीस रुपयांत पोळीभाजी. पावसात भिजलेली छत्री नि जर्किन अडकवायला खुंट्या. दिव्यांग मुलासाठी उतार, कारण त्यांच्यातल्या एकाचा मित्र परीक्षेच्या काळात दोघांच्या खांद्यावर जिना चढतो. मोबाईल चार्ज करायला प्लग. तालमीसाठी एक खोली जिचा आवाज बाहेर जाणार नाही. आणि दारातच एस.टी.च्या वेळांचा फलक, रोज कुणीतरी आगाराला फोन करून दुरुस्त केलेला.

"पाच-पन्नासची रद्द झाली की आम्हाला फाट्यावर गेल्यावर कळतं, मॅडम," एकजण म्हणाली. "आधी कळालं तर आत तरी बसू की."

मग वेळेवरून वाद झाला. भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलांना भवन रविवारी उघडं हवं होतं. मुली म्हणाल्या, रविवारी आमच्या गावाला गाडीच येत नाही, मग आमच्या पैशानं दिवे का जाळायचे? एक मुलगा चिडला. केगाववाला म्हणाला, वर्गणीतून नको, रविवारी येणाऱ्यांनी वेगळे पाच रुपये टाकावेत. त्यावर दुसरी म्हणाली, पाच रुपये नको, पण झाडून घ्या, सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं आम्हीच येतो आणि चहाचे कप आम्हालाच दिसतात. बराच वेळ बोलणं चाललं. मी मध्ये पडले नाही. शेवटी ठरलं की रविवारी सकाळी आठ ते दुपारी दोन, पैसे कुणीच वेगळे द्यायचे नाहीत, दर रविवारी दोघांनी जबाबदारीनं थांबायचं आणि जाताना झाडून किल्ली नोंदवहीत सही करून ठेवायची. जागेचा अजून पत्ता नव्हता, तरी पहिल्या महिन्याच्या पाळ्या त्यांनी त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून काढल्या, आणि तिसऱ्या रविवारी आपलं नाव घातलं म्हणून चिडलेल्या मुलानं पुन्हा भांडण काढलं, कारण त्या दिवशी त्याच्या बहिणीचा साखरपुडा होता.